कातळवाडीचे आमसूल पैलतीरी रवाना जाहले त्याचे वर्तमान

श्रीगजानन प्रसन्न. समुद्रदेवता प्रसन्न. बंदरावरील तपासणी खाते, ते प्रसन्न होईल तेव्हा खरे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्रमासी राज्यात व्यापाराचा मोठा पराक्रम जाहला, त्याचे साद्यंत वर्तमान लिहावे ऐसी आज्ञा जाहली, ती शिरसा मानून लिहितो. प्रथम राज्याचा महिमा. हे राज्य म्हणजे समुद्रवलयांकित पृथ्वीवर व्यापारात अग्रगण्य, ज्याची गलबते साती समुद्र घुसळून काढीत आणि ज्याच्या मालाचा सुगंध वाऱ्याच्याही आधी परक्या बंदरांत पोहोचत असे. गलबते भाड्याची होती. सुगंध सुकटीचा होता. बाकी महिमा वर लिहिल्याप्रमाणे.

तर समुद्रापलीकडे पैलतीर म्हणून थोर राज्य, तेथील लोक बहुत श्रीमंत आणि पोटाने नाजूक, आणि त्यांनी आमच्या मालावर पूर्वापार जबर जकात बसविलेली, येणेकरून आमचा माल त्यांच्या वेशीवर पोहोचेपर्यंत सोन्याच्या भावाचा होई आणि कोणी घेत नसे. ती जकात उठवावी म्हणून वाणिज्यसचिव हरबाजीपंत यांनी बहुत वर्षे खटपट केली, वकील पाठविले, मेजवान्या झाल्या, मेजवान्यांचे खर्च झाले, आणि अखेरीस चैत्र शुद्ध पक्षी तह जाहला की या राज्याच्या एकंदर मालास पैलतीरी जकात माफ. मग काय विचारता! नौबती झडल्या, शहाजणे वाजली, हत्तीवरून साखर वाटावी ऐसा हुकूम सुटला आणि हत्ती सरकारात नव्हता म्हणून पाण्याच्या टँकरवरून वाटली. तहाच्या अखेरीस बारीक अक्षरात एक कलम होते की माल पैलतीरच्या प्रजेच्या आरोग्यास आणि रीतीस धरून असावा. ते कारकुनाने पंतांस वाचून दाखविले तेव्हा पंत म्हणाले, "आरोग्य कोणास नको आहे? पुढे चला." आणि पुढे गेले, म्हणजे जेवावयास गेले.

आता कातळवाडीचे वर्तमान. राज्याच्या किनारपट्टीस मौजे कातळवाडी, तेथे भात बेताचे आणि रातांब्याची झाडे उदंड. त्या रातांब्याची लाल फळे वैशाखात फोडून, बी काढून, साल मीठ लावून त्याच फळांच्या रसात बुडवावी आणि उन्हात वाळवावी, पुन्हा बुडवावी, पुन्हा वाळवावी, म्हणजे काळेभोर आंबट आमसूल होते आणि त्याची कढी जेवणास चव आणते. हे काम सर्व बायांचे. त्यांत पुढारी द्रौपदाबाई, अंगाने किरकोळ, शब्दाला पक्की, आणि तिची जाऊ गोकुळा, जिभेची तिखट. वाडीचा माल सालोसाल एकच व्यापारी घेई, धाकूशेट नामे, ज्याचे खळे नदीपलीकडे होते आणि ज्याचा तराजू त्याच्याच बाजूने विचार करी. त्या साली धाकूशेट वैशाखात आगाऊ भाव ठरवावयास आला तेव्हा द्रौपदाबाईने त्यास ओटीवर बसविले, पाणी दिले आणि सांगितले, "शेट, यंदा माल पैलतीरी जातो. जकात माफ झाली. पंतांनी स्वतः टँकरवरून सांगितले." शेट हसला आणि म्हणाला, "जाऊ दे की बाई, माझे काय जाते? पण आषाढात परत माझ्याकडेच याल, तेव्हा मी काही या वाडीत येणार नाही. गोणी डोक्यावर घेऊन नदी उतरून माझ्या खळ्यात यायचे, आणि भाव मी सांगेन तो." मग सर्व बाया द्रौपदाबाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या आणि ती म्हणाली, "पाणी पिऊन झाले असेल तर तांब्या द्या शेट." येणेप्रमाणे व्यापारी परत गेला, आणि वाडीतल्या एकूणएक घराचा उन्हाळा त्या एका बाईच्या शब्दावर राहिला. हे वर्तमान पंतांस ठाऊक नव्हते. पंत साखर वाटण्यात गुंतले होते.

इतक्यात पैलतीराहून थैली आली, आणि तीत जकातीचे नावही नव्हते, अटी होत्या. माल जमिनीवर वाळवू नये. माशी बसू नये. काम करणारांनी केसांस जाळीची टोपी घालावी, नखे काढावी, बांगड्या उतरवाव्या. विहिरीचे पाणी तपासावे, आणि ते पैलतीरच्याच तपासणीघरात तपासावे, कारण अन्य तपासणीघरांवर त्यांचा विश्वास नाही. गोणीखाली लाकडी फळ्या असाव्या आणि त्या भट्टीत तापवून, आतील कीड मारून, त्यावर तशी मोहोर डागावी. गोणीवर मजकूर पैलतीरच्या भाषेत असावा. आणि सर्वांत वर हे की, जो पदार्थ पैलतीरच्या लोकांच्या आजोबांनी खाल्लेला नाही तो नवा पदार्थ समजावा, आणि तो खाऊन माणसे जगतात हे आणणाराने सिद्ध करावे. थैली दरबारात वाचली तेव्हा एक सरदार उठून म्हणाला की ही तर जकातीहून वाईट, जकात भरून सुटका तरी होई. त्यावर पंतांनी खुलासा केला की या अटी पृथ्वीवरील सर्व राज्यांस सारख्याच आहेत, सबब यात अन्याय नाही. हे खरेच होते. पूल सर्वांस खुला होता, मात्र पुलावर चढावयाची शिडी ज्याची त्याने घरून आणावी ऐसा नियम होता. ज्या थोर राज्यांत तपासणीघरे गल्लोगल्ली होती त्यांस अटी म्हणजे दारावरचे तोरण, आणि कातळवाडीस तपासणीघर म्हणजे द्रौपदाबाईची जीभ.

मग थैली कातळवाडीस आली आणि सर्व बाया देवळाच्या मांडवात जमल्या, आणि तलाठ्याने अटी वाचल्या. फळ्या तापवावयाचे आले तेव्हा गोकुळा म्हणाली, "माणसांना ताप आला तर वाडीत डॉक्टर नाही, आणि फळ्यांना ताप आणायला भट्टी बांधायची म्हणता?" बाया हसल्या. पण माशीची अट आली तेव्हा द्रौपदाबाई म्हणाली, "ही मात्र बरोबर आहे हो. माशी मलाही कधी आवडली नाही. जाळीचे मांडव आधी कोणी सांगितले असते तर आधीच बांधले असते." आणि कंबर बांधून कामास लागली. मग कातळावर बांबूचे मांडव उभे राहिले आणि त्यांवर जाळ्या पसरल्या, आणि बाया जाळीच्या टोप्या घालून सालींस मीठ चोळू लागल्या, आणि बांगड्या उतरवावयास नको म्हणणारी एक म्हातारी होती तिने दंडापर्यंत हातमोजे चढविले, आणि वाडीतले पुरुष पारावर बसून म्हणू लागले की या तर इस्पितळातल्या नर्सा दिसतात. त्यांस बायांनी उत्तर केले की मांडवाजवळ यायचे तर आधी हात धुवा. तेव्हापासून पुरुष मांडवाजवळ आले नाहीत. हाही एक लाभच गणावा.

वैशाख वद्य पक्षी पैलतीरचा तपासनीस खासा कातळवाडीस आला. त्याचे नाव लोदविक. तो टोपी घालीत नव्हता, तरी तिकडील लोकांस टोपीकर म्हणावयाचा जुना प्रघात, म्हणून टोपीकर. स्वभावे सालस, सत्यवचनी, आणि लेखणी हातात आली की दयामाया नाही ऐसा. त्याने मांडव पाहिले, नखे पाहिली, विहिरीत डोकावला आणि मग दुभाष्यामार्फत पुसता जाहला की हा पदार्थ कोणत्या जातीचा? फळ म्हणावे, मसाला म्हणावा, औषध म्हणावे की रंग? कारण चारींची खाती वेगळी. द्रौपदाबाई म्हणाली, "कढीत घातले तर जेवण, पित्तावर घेतले तर औषध, लुगड्यावर सांडले तर रंग. तुम्हाला कोणते खाते सोपे पडते ते लिहा." टोपीकराने आपला जाडजूड कोश चाळला, बहुत वेळ चाळला, आणि अखेरीस 'वाळलेल्या साली, इतर' ऐसे सदर सापडले. येणेप्रमाणे राज्याच्या मालास जगात अधिकृत जागा मिळाली, ती 'इतर' या सदरात. दरबारात ही बातमी गेली तेव्हा तोफ उडविली.

मग आजोबांचे प्रकरण निघाले. टोपीकर म्हणाला, "हे तुमच्यात किती काळ खातात?" द्रौपदाबाई म्हणाली, "माझा आजा खायचा. त्याचा आजा खायचा. रोज दोन वाट्या कढी." "ते आजोबा आता कोठे आहेत?" "कोठे असणार? वर." "म्हणजे वारले?" "वारले." टोपीकराने लिहिले: रोज सेवन, पुढे मृत्यू. हे दुभाष्याने हळूच फोडले तेव्हा गोकुळा उसळून म्हणाली, "अहो साहेब, चांगला नव्वदीला टेकला होता म्हातारा! आणि गेला तो आमसुलाने नाही, झाडावरून पडून!" टोपीकराने मान वर केली. "कोणत्या झाडावरून?" "रातांब्याच्या." लेखणी पुन्हा चालली. द्रौपदाबाई जावेच्या पाठीत हळूच ठोसा मारून म्हणाली, "गप गो बाई, तू आजोबाला दुसऱ्यांदा मारतेस." मग तिने युक्ती केली. वाडीतले सगळे म्हातारे आणि म्हाताऱ्या मांडवात आणून ओळीने उभे केले आणि म्हणाली, "साहेब, मेलेले काय पाहता? हे खाऊन जगलेले पाहा." टोपीकर एकेकाची नाडी पाहत चालला, तो एका सुरकुतलेल्या म्हातारीने त्याचाच हात धरला आणि फुगडीस ओढला, आणि दोन गिरक्यांत टोपीकरास घेरी येऊन तो बाकावर बसला, म्हातारी उभीच. त्याने सत्यवचनी म्हणून तसेच लिहिले: सेवनानंतर हालचाल उत्तम, तपासनिसाहून सरस. आणि जाताना दोन वाट्या कढी प्याला, तिसरी मागितली, आणि माल पास म्हणून मोहोर करून, पेटाऱ्यास लावावयाचे सील पंतांच्या हवाली करून, विमानाने स्वदेशी गेला.

हे ऐकून बायांस जो हर्ष जाहला तो वर्णावयास शेषास जिभा पुरत्या ना. माल गोण्यांत भरला, गोण्या तापविलेल्या फळ्यांवर रचल्या, आणि ज्येष्ठ शुद्ध पक्षी बंदरावर लोखंडी पेटारा, ज्यास कंटेनर म्हणतात, तो भरून उभा राहिला. पंत फेटा बांधून आले, बँड आला, सर्व वाडी नवी लुगडी नेसून आली. पंतांनी सील हाती घेतले आणि दार लोटणार, तो द्रौपदाबाई म्हणाली, "थांबा." सर्व थांबले. मग तिने पदराखालून ताट काढले, त्यात हिरवा खण, शेंडी ठेवलेला नारळ, पसाभर तांदूळ, हळकुंडे आणि सुपारी. ती म्हणाली, "एवढी राबून वाढवली, नटवली, आता सासरी चालली. लेकीला रिकाम्या ओटीने कशी पाठवू?" आणि तिने पुढच्या गोणीस हळदकुंकू लावून तिच्यावर ओटी भरली, आणि मागे उभ्या बायांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि गोकुळेच्याही आले, पण तिने त्याचा दोष बंदरावरच्या धुळीवर घातला. पंतांच्या कारकुनाने हळूच विचारले, "सरकार, हे अटींत बसते काय?" पंतांनी त्यास झापले की, "अटी मालास आहेत. ओटी म्हणजे काय माल आहे? शास्त्र आहे ते." आणि स्वहस्ते दारास कुंकू लावून, स्वहस्ते सील केले. गलबत हलले. बँडवाल्यांनी लग्नात मुलगी निघताना वाजवितात तेच वाजविले, कारण त्यांस दुसरे येत नव्हते.

पुढे पैलतीरच्या बंदरी माल पोहोचला, तेथे सरकारी कुत्रा वास घेतो, तो भुंकला. पेटारा उघडला. आमसूल तपासले, ते ऐसे शुद्ध निघाले की तपासणीघराने लेखी शेरा दिला, इतका स्वच्छ माल या बंदरी पाहण्यात नाही. परंतु गोणीवर तांदूळ सापडला, ज्याचा उल्लेख कोठे नव्हता, म्हणून धान्य खाते धावले. नारळास शेंडी होती, शेंडीत कीड असू शकते, म्हणून वनस्पतीरोग खाते धावले. हळकुंडांपायी मसाले खाते आले. सुपारीपायी अमली पदार्थांचे खाते आले, आणि आले ते हत्यारांनिशी आले. खणावर कापूस किती, रेशीम किती आणि धुवावा कसा याची चिठ्ठी नव्हती, म्हणून वस्त्र खात्याने तो चिमट्याने उचलला. मालात खोट नव्हती, मालाच्या सोबतीत होती. आणि या सर्व खात्यांचा एकमत निकाल लागेतो माल आत सोडता येत नाही, आणि ती खाती आपसांत बोलत नसत, ऐसे कळले.

ही बातमी दरबारी आली तेव्हा मसलत बसली. श्रीमंतांनी, म्हणजे राज्याच्या धन्यांनी, पुसले, "पंत, जकात माफ होती ना?" पंत म्हणाले, "होती महाराज. अजूनही आहे." "मग माल अडला कशात?" पंत खाली पाहून म्हणाले, "नारळात." मग एका सरदाराने सांगितले की चढाई करावी, आणि दुसऱ्याने सांगितले की निषेध करावा, आणि गलबते भाड्याची आहेत हे ध्यानी येऊन निषेध ठरला. परंतु श्रीमंतांची बुद्धी तीक्ष्ण. ते म्हणाले, "त्यांनी आपल्याला अटी घातल्या, आपण त्यांना घालू. आपण काय कोणाहून कमी आहोत?" येणेप्रमाणे नवे अटीखाते स्थापन जाहले, आणि त्यात अट काढणारास पगार ठेवला, अट काढून टाकणारास काही ठेवले नाही. खात्याने आठवड्यात ठरविले की पैलतीराहून येणाऱ्या एकूण एक मालावर मजकूर आमच्या भाषेत असावा, आणि जो पदार्थ आमच्या आजोबांनी खाल्लेला नाही तो वेशीवर रोखावा. त्यांच्या वासाच्या चीजवर निराळी अट घातली. शिवाय शेजारी एक इवलेसे बेट आहे, त्याचा गूळ इकडे येई, त्यावरही अटी घातल्या. बेटाने काही केले नव्हते. ते लहान होते. खाते इतके भरभराटीस आले की पंत म्हणाले, राज्यात इतक्या वेगाने तयार होणारा दुसरा माल नाही.

इकडे कातळवाडीस धाकूशेटाचा निरोप आला की खळे झाडून ठेवले आहे, नदीला पाणी चढण्याआधी या. विहिरीवर द्रौपदाबाई आली की बाया घागरी उचलून घरी जाऊ लागल्या, आणि ते तिला बोलणी खाण्याहून जड गेले. ती रात्रीच्या गाडीने न जाता भर दुपारी, सर्वांदेखत, राजधानीस निघाली. पंतांच्या कचेरीत भिंतीवर काचेचे यंत्र होते, त्यात लोदविक टोपीकर दिसू लागला. तो तिला पाहून हसला, म्हणाला, "त्या फुगडीवाल्या बाई कशा आहेत?" "बऱ्या आहेत. तुमची वाट पाहतात. साहेब, माझी लेक का अडवली?" टोपीकर खरोखर दुःखी होऊन म्हणाला, "बाई, प्रत्येक वस्तूचा हेतू लिहावा लागतो. त्या तांदळाचा, नारळाचा हेतू काय, एवढे सांगा, मी काही वाट काढतो." पंत मागून कुजबुजले, "सांग शोभेसाठी. शोभेसाठी म्हण." पण द्रौपदाबाईस ओटीविषयी खोटे बोलवेना. ती म्हणाली, "आमच्यात लेक सासरी निघाली की ओटी भरतात साहेब. ती सुखात राहो, आणि परत माहेरी येवो म्हणून." टोपीकर एकदम सावरून बसला. "परत? म्हणजे परत यावी हा पाठवणाराचा हेतू होता?" "होय तर. कोणत्या आईला वाटणार नाही परत यावी म्हणून?" टोपीकराचा चेहरा फुलला. तो म्हणाला, "मग हे आधी का नाही सांगितले! परत जाणाऱ्या मालास आमच्याकडे एकही अट नाही!" आणि खरेच, जी खाती आपसांत बोलत नसत त्या सर्वांनी एका दिवसात सह्या केल्या, आणि माल पुढल्या गलबताने परत निघाला. इकडे कचेरीत यंत्र बंद झाले. पंत हळूच म्हणाले, "बाई, शोभेसाठी म्हटले असते तर?" द्रौपदाबाई म्हणाली, "तर माझी लेक तिथेच कुजली असती. गलबत कधी येते ते सांगा."

श्रावणात गलबत आले. सर्व वाडी बंदरावर गेली, आणि पेटाऱ्यास हात लावणार, तो नव्या अटीखात्याचा अंमलदार आडवा आला. खात्याचे हे पहिलेच प्रकरण, म्हणून त्याने कोरी टोपी घातली होती. तो म्हणाला, "पैलतीराहून आलेला माल आहे. अटी लागतात." द्रौपदाबाई म्हणाली, "अरे बाबा, माझ्या हातचे आमसूल आहे ते!" "हात तुमचा असेल मावशी, गलबत तिकडचे आहे. आणि गोण्यांवरची अक्षरे तिकडची. आपल्या भाषेत मजकूर कोठे आहे?" गोकुळा म्हणाली, "तिकडची अक्षरे लिहा म्हणून तुमच्याच कचेरीने सांगितले होते रे मेल्या!" "ते जाताना. आता येताना आहे." बाया हताश होऊन गोणपाटावर बसल्या. एकीने मोठ्याने म्हटले की नदीला पाणी चढले, आता धाकूशेटाकडे जायचे तेही पोहून. द्रौपदाबाई मात्र उभी राहिली आणि त्या अंमलदाराकडे नीट पाहून म्हणाली, "मजकुराचे राहू दे, तो कोळशाने मी आत्ता लिहिते. दुसरी अट काय?" तो म्हणाला, "हा पदार्थ आमच्या आजोबांनी खाल्लेला आहे याचा पुरावा." "बरे. तू लहानपणी चिंचा खाऊन अंगावर पित्त उठवून घ्यायचास ना?" अंमलदार चपापला. "तुम्हाला कसे कळले?" "सगळी पोरे तेच करतात. तेव्हा तुझी आजी काय लावायची अंगाला?" अंमलदार कोरी टोपी सावरीत बारीक आवाजात म्हणाला, "आमसूल. पाण्यात कोळून." "आणि उरलेले?" "उरलेले आजोबा प्यायचे." "मग लिही की." त्याने लिहिले. मोहोर केली. आणि एक आमसूल उचलून तोंडात टाकले, ते नमुना म्हणून.

आता राजधानीच्या लोकांचे वर्तमान. त्यांस आमसुलाचे काही अप्रूप नव्हते, ते वाण्याच्या दुकानी कोपऱ्यात धूळ खात पडलेले असे. परंतु गावात आवई उठली की बंदरावर परदेशाहून आमसूल उतरले आहे, तिकडच्या तपासणीघराचा शेरा आहे, गोणीवर तिकडची अक्षरे आहेत, खालच्या फळ्यासुद्धा मोहोरबंद आहेत. झाले. मोटारी आल्या, पिशव्या आल्या, थोरामोठ्यांच्या बायका आल्या. त्यांतील एकीने गॉगल वर करून विचारले, "हे आपल्याकडचे नाही ना? आम्ही घरात सगळे इम्पोर्टेडच वापरतो." गोकुळा शपथेवर म्हणाली, "छे हो बाईसाहेब, आत्ता बोटीतून उतरले. तुमच्या डोळ्यांदेखत." बाईसाहेबांनी दोन शेर घेतले. आणि द्रौपदाबाईने भाव सांगितला तो कोणी पाडून मागितला नाही, उलट कमी वाटतो म्हणून दोघांनी संशय घेतला.

संध्याकाळचे सुमारास धाकूशेट घाम पुसत आला, कारण त्याची शहरातली गिऱ्हाइके ते शिक्क्याचेच पाहिजे म्हणून अडून बसली होती. तो म्हणाला, "द्रौपदाबाई, उरलेल्या सगळ्या गोण्या माझ्या. भाव?" "भाव मी सांगेन तो शेट." "सांगा." तिने सांगितला. शेटाने मान डोलावली आणि हमालास हाक मारली. द्रौपदाबाई म्हणाली, "हमाल नको. तुम्हीच म्हणाला होता ना, गोणी डोक्यावरून न्यायची म्हणून? एक तरी न्या. बाकी हमाल नेतील." शेटाने इकडेतिकडे पाहिले. सर्व वाडी पाहत होती, आणि मोटारीतल्या बायका उरलेल्या गोण्यांकडे पाहत होत्या. मग त्याने पंच्याची चुंबळ केली आणि वाकला. तो गोकुळा ओरडली, "शेट, थांबा! केस पडतील मालावर!" आणि स्वतःची जाळीची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट खाली ओढली. येणेप्रमाणे धाकूशेट चालू लागला. बँड नव्हता, तरी कोणास उणीव भासली नाही.

एकंदर सारांश. राज्याचा व्यापार फत्ते पावला. वाणिज्यसचिवांस वस्त्रे आणि शिरपाव मिळाला, कारण दप्तरी एकाच मालाची निर्यातही दिसत होती आणि आयातही, आणि दोहोंच्या बेरजेने व्यापार दुप्पट जाहला. अटीखात्यास नवी इमारत मिळाली. कातळवाडीत मांडव अजून उभे आहेत, माशी बसत नाही, आणि धाकूशेट आता आपण होऊन वाडीत येतो, ओटीखाली उभा राहतो, पाणी मागून घेतो. द्रौपदाबाईस कोणी विचारले की लेक परत आली, मग ओटीचे काय? तर ती म्हणते, "ती राहिली सासरीच. जप्त केली म्हणे." हे खरे आहे. तहान्वये त्या साली या राज्यातून पैलतीरी प्रत्यक्ष आत गेलेला आणि तेथेच राहिलेला एकूण माल येणेप्रमाणे: खण एक, नारळ एक, तांदूळ पसाभर, हळकुंडे, सुपारी. जकात माफ.